एका रात्रीची तयारी

शर्यत तोंडावर आणि तयारीला वेळच नाही, असं कुणी म्हणालं की मला स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रेम ओब्री आठवतो.

तासाभरात सायकलने सर्वात जास्त अंतर कापण्याचा विक्रम तेव्हा इटलीच्या मोझरचा होता, १९८४ मधला, ५१.१५१ किलोमीटरचा. १६ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर ओब्री तो मोडायला उतरला आणि कमी पडला. आठवड्याभरात इंग्लंडचा बोर्डमनही प्रयत्न करणार होता, म्हणजे थांबायची सोय नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा उतरायचं, असं ओब्रीने ठरवलं!

रात्री तो भरपूर पाणी प्यायला. का? तर लघवीसाठी जाग यावी आणि उठल्यावर आखडलेले पाय ताणता यावेत म्हणून. सकाळी त्याने स्वतः बनवलेली जुनी सायकल काढली. तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंग होती. तासाभरात अंतर भरलं ५१.५९६ किलोमीटर.

विक्रम टिकला जेमतेम सहा दिवस. २३ जुलैला बोर्डमनने ५२.२७० केले. असो.

पायातली ताकद ही वर्षांची कमाई, ती एका रात्रीत येत नाही. पण आहे ती सकाळपर्यंत जपता येते. म्हणून शेवटच्या आठवड्यात दामटून सायकल मारू नका, असंच मी सांगेन. पाय मोकळे ठेवा आणि ओळखीचीच सायकल घ्या...