तारखेचा माग : २८ फेब्रुवारी ते विजयदुर्ग

आमच्या महाविद्यालयात फेब्रुवारीच्या अखेरीस दोन समारंभ लागोपाठ येतात. २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आम्ही मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो; आणि त्याच सभागृहातील खुर्च्या बाजूला सारून २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिनाचे प्रदर्शन मांडले जाते. प्रदर्शनातील फलकांचे शुद्धलेखन तपासणे हे काम प्रथेने मराठी विभागाकडे आलेले आहे. विज्ञानाशी आमचा अधिकृत संबंध एवढाच. या किरकोळ कामातून एका वर्षी थोडा इतिहास आमच्या हाती लागला आणि आमचीच एक जुनी चूक उघडी पडली. त्याची ही हकिगत.

त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय होता 'विज्ञानातील संस्मरणीय तारखा'. प्रत्येक गटाने एक तारीख निवडायची आणि तिच्याशी निगडित प्रयोग मांडायचा. पहिली तारीख अर्थातच २८ फेब्रुवारी १९२८ ही होती. दूध मिसळलेल्या पाण्याचा पेला, मागे विजेरी. बाजूने पाहिले तर पाणी निळसर, समोरून पाहिले तर दिवा तांबूस. खाली मथळा : 'रामन परिणाम'. मथळ्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकाऱ्यांनी मात्र तो खोडला. पेल्यात दिसते ते प्रकाशाचे साधे विकिरण. त्यात प्रकाशाचा मूळ रंग बदलत नाही, निरनिराळे रंग कमीअधिक प्रमाणात विखुरतात इतकेच. विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंगच बदलून येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्याच्या बहूबाजार रस्त्यावरील संस्थेत दाखवून दिले. त्याच कामासाठी रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो अंश विजेरीने आणि पेल्याने दिसणारा नव्हे. मग पेला काढून टाकायचा काय? तसे करण्याची गरज नव्हती. १९२१ मध्ये युरोपहून परतताना समुद्र निळा का दिसतो हा प्रश्न रामन यांनी जहाजावरच हाती घेतला होता. पेला त्या प्रश्नाचा होता, उत्तराचा नव्हता. फलकावरची तारीख बदलून १९२१ केली आणि प्रयोग खरा झाला.

दुसऱ्या फलकाने आमची खरी परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूस बारीक फट, आत तिरकी बसवलेली जुनी सीडी, वर डोळा लावण्यासाठी भोक : असा घरगुती वर्णपटदर्शक होता. मजकूर असा होता : '१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यावरील हेलियमचा शोध लावला.' आम्ही त्यावर बरोबरची खूण केली. संशय येण्याचे कारणच नव्हते. शैक्षणिक सहलीत विजयदुर्गावर साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे कट्टे दाखवून हेच वाक्य आम्ही मुलांना अनेकदा ऐकवले होते. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, लॉकियर त्या दिवशी तिथे होते याला आधार काय?" संहितेच्या तासाला प्रत्येक पाठामागचा पुरावा मागायला आम्हीच तिला शिकवले होते. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

शोध घेतला तेव्हा जे हाती आले ते असे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून मछलीपट्टणपर्यंत गेली. फ्रेंच खगोलविद प्येर जान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंट यांचे पथकही तेथेच होते, पॉगसन मछलीपट्टणला, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या ज्वाला वायुरूप असल्याचे निश्चित झाले. रेषांमध्ये एक पिवळीही होती. ती सोडियमची असावी असे तेव्हा वाटले. दुसऱ्याच दिवशी जान्सेन यांनी ग्रहणावाचूनही त्या ज्वालांच्या रेषा पाहून दाखवल्या.

लॉकियर यांपैकी कोठेच नव्हते. युद्धखात्यात कारकुनी करणारा हा हौशी खगोलविद त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तेथूनच, ग्रहण नसताना, आपल्या उपकरणातून त्याच ज्वालांचा वर्णपट पाहिला. जान्सेन यांचे आणि त्याचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आले. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या जवळ आहे, पण त्यांच्यावर नाही, हे लॉकियर यांच्या ध्यानात आले. त्यामागच्या अज्ञात मूलद्रव्याचे 'हेलियम' हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांच्या भाषणातून जाहीर झाले. पृथ्वीवर ते विल्यम रॅम्झी यांना सापडले १८९५ मध्ये, युरेनियमच्या एका खनिजात.

मग विजयदुर्गाचे कट्टे कुठून आले? ही लोकवार्ता निव्वळ कल्पित म्हणून सोडून देण्याच्या बेतात आम्ही होतो. पण तेही घाईचे ठरले असते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले आणि या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर होते. ब्रिटिश नौदलाच्या खलाशांच्या मदतीने त्यांनी तेथे तळ उभारला होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. म्हणजे माणूस खरा, स्थळ खरे, ग्रहणही खरे. फक्त तीस वर्षांचे अंतर लोकस्मृतीने पुसून टाकले आणि प्रसिद्ध शोध प्रसिद्ध पाहुण्याच्या भेटीला चिकटवला. संतचरित्रांत आणि बखरींत असे सांधे आम्ही नेहमी दाखवतो. ज्या वाक्याचा आपल्याला अभिमान वाटतो त्यातला सांधा मात्र दिसत नाही.

फलक बदलावा की नाही यावर विभागात मतभेद झाले. आमच्यातील एक जण मूळचे देवगड तालुक्यातले. त्यांचे म्हणणे असे की, लहान गावाला जगाच्या इतिहासात मिळालेली एक जागा आपण काढून घेऊ नये. हा आक्षेप भावुक म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नव्हता. तथापि १८९८ चा शोध घेताना आणखी एक नाव पुढे आले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपले पथक नेले होते आणि त्याचा अहवालही प्रसिद्ध केला होता. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली त्यांची वेधशाळा १९१२ मध्ये, त्यांच्या निवृत्तीनंतर, बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. साहेबाचे कट्टे आम्हाला पाठ होते. नेगमवालांचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. चुकीच्या तारखेने गावाला काही दिले असेल, पण एका संपूर्ण कर्तृत्वावर पडदाही टाकला होता. त्यानंतर देवगडच्या सहकाऱ्यांनीच नवा मजकूर लिहिला.

प्रयोगही त्यामुळे बदलला. शिक्षकांच्या देखरेखीखाली स्पिरिटच्या ज्योतीत मिठाचे कण टाकले की सोडियमची पिवळी रेषा खोक्यात उमटते. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, हेलियमची ५८७.६ ला. एवढा सूक्ष्म फरक आमच्या फटीतून आणि सीडीतून वेगळा दिसणे कठीण. दोन्हींसाठी एकच पिवळी पट्टी दिसेल. गटाने हा दोष लपवला नाही, उलट तोच प्रयोगाचा विषय केला : १८६८ मध्ये अनुभवी निरीक्षकांचा समज का झाला असेल, हे पाहणाऱ्याला आपल्याच डोळ्यांनी कळावे. सूर्यप्रकाशासाठी खोके सूर्याकडे न रोखता उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे धरावे, ही सूचना ठळक अक्षरांत लिहिली.

तिथी पाळायची असते, तारीख तपासायची असते. विज्ञान प्रदर्शनासाठी कल्पना शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना आता आम्ही इतकेच सुचवतो : तारीख निवडा, त्या दिवशी कोण, कुठे, कोणते साधन घेऊन उभे होते ते शोधा, आणि त्याला जे दिसले नाही तेही मांडा. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही यात पुरेसे काम आहे.

पुढच्या सहलीत आम्ही पुन्हा विजयदुर्गावर जाणार आहोत. कट्टे पूर्वीसारखेच दाखवू. सांगताना तारीख मात्र २२ जानेवारी १८९८ असेल, आणि नंतर जेऊरचे नाव येईल.