औषधाची मात्रा आणि मेंदूचें चित्र

‘मात्रा’ हा शब्द आपल्या घरोघरीं परिचयाचा आहे. सहाणेवर उगाळून मधांतून चाटविलेली वैद्याची मात्रा जुन्या पिढीनें पाहिलेली आहे; आणि एखाद्या हट्टी माणसापुढें कोणाचें कांहीं चालेनासें झालें, म्हणजे ‘येथें कोणाची मात्रा चालत नाहीं’ असें आपण सहज म्हणून जातों. औषध कोणतें, या प्रश्नाइतकाच औषध किती, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हें आपल्या पूर्वजांनीं या एका शब्दांत सांठवून ठेविलें आहे. ताप उतरला कीं नाहीं, हें तापमापक सांगतो; मधुमेहाच्या रोग्याची साखर मोजतां येते. पण ज्याचें मन भ्रमलें आहे, ज्याला नसलेले आवाज ऐकूं येतात, त्याला दिलेलें औषध मेंदूंत कोठें व किती पोंचलें, हें कशानें मोजावें? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तीस-पस्तीस वर्षें वैद्यांनीं हीं औषधें जवळजवळ अंदाजानेंच दिलीं. तो अंदाज संपून मापाचा आरंभ कसा झाला, याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

या हकीकतीचा एक धागा आपल्याच देशांत सांपडतो. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उन्मादावर व रक्तदाबावर होतो, असें १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील आपले अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकांत मांडले, आणि पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. त्याच वर्षीं पॅरिस येथील सँत-आन रुग्णालयांत झाँ दले व पिएर दनिकेर यांनीं क्लोरप्रोमाझीन हें नवें औषध उन्मत्त रोग्यांना देऊन पाहिलें; आणि १९५८ सालीं बेल्जियममध्यें पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेंत हॅलोपेरिडॉल तयार झालें.

या औषधांनीं मोठा पालट घडविला, यांत शंका नाहीं. ज्यांना वर्षानुवर्षें कोंडून ठेवण्यावांचून दुसरा उपाय सुचत नव्हता, अशा रोग्यांपैकीं अनेक जण शांत झाले, नीट बोलूं लागले. कित्येक आपापल्या घरीं परतले. परंतु त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट दिसूं लागली. रोग्याचे हात कांपत, चेहरा मुखवट्यासारखा निश्चल होई, अंग लांकडासारखें ताठे. कंपवाताच्या रोग्याची जी अवस्था, तीच ही. आणि नवल असें, कीं हा ताठरपणा म्हणजेच औषध लागू पडल्याची खूण, अशी त्या वेळीं कित्येक वैद्यांची समजूत होती. जर्मनीमधील हासे नांवाच्या मानसवैद्यानें तर रोग्याच्या हस्ताक्षरावरून मात्रा ठरविण्याची रीत काढली. अक्षर बारीक व आंखडलेलें होऊं लागलें, कीं मात्रा पुरी झाली असें समजावें. त्यापुढें औषध वाढविण्यांत लाभ नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. तें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. मात्रा वाढतच गेली. १९७० नंतरच्या काळांत हॅलोपेरिडॉल दिवसाला २०, ४०, कांहीं ठिकाणीं तर १०० मिलिग्रॅमपर्यंतही दिलें जाई.

हीं औषधें मेंदूंत करतात तरी काय? स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना रिसर्पीन दिलें, तेव्हां ते निश्चल पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच थोड्याच वेळांत ते पुन्हा हालचाल करूं लागले. या एल-डोपापासून मेंदूंत डोपामीन बनतें. मेंदूच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोहोंमध्यें सूक्ष्म फट असते, आणि ती ओलांडून निरोप पोंचविण्याचें काम कांहीं रासायनिक द्रव्यें करतात. डोपामीन हाही असाच एक दूत आहे, हें कार्लसन यांच्या संशोधनानें पुढें आलें, व त्याबद्दल २००० सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६३ सालीं मार्गिट लिंडक्विस्ट या आपल्या सहकारी विदुषीसह त्यांनीं असें सुचविलें होतें, कीं क्लोरप्रोमाझीन व हॅलोपेरिडॉल हीं औषधें अशा दूतांचा निरोप स्वीकारणाऱ्या जागाच अडवून बसतात.

या जागांना रिसेप्टर म्हणतात. आपण त्यांना ग्राही म्हणूं. आगगाडीच्या डब्यांत खिडकींतून रुमाल टाकून जागा अडविण्याची रीत आपणांस ठाऊकच आहे. रुमाल कांहीं प्रवास करीत नाहीं. पण तो आहे तोंवर दुसऱ्या कोणास तेथें बसतां येत नाहीं. औषधाचा रेणू हा असाच एक रुमाल होय. १९७५ च्या सुमारास टोरोंटोचे फिलिप सीमन व बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांनीं जनावरांच्या मेंदूचा अंश परीक्षानळींत घेऊन, या ग्राहींना कोणतें औषध किती घट्ट चिकटतें, तें मोजलें. जें औषध घट्ट चिकटे, त्याची रोग्यास लागणारी रोजची मात्रा लहान निघे. जें सैल चिकटे, त्याची मोठी. हा मेळ थक्क करणारा होता. तरी परीक्षानळी म्हणजे जिवंत माणूस नव्हे.

जिवंत माणसाच्या कवटींत डोकावण्याचें साधन पदार्थविज्ञानानें दिलें. कार्बन-११ हा कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार आहे. तो सायक्लोट्रॉन नांवाच्या यंत्रांत तयार करावा लागतो, आणि दर २० मिनिटांनीं तो निम्मा नाहींसा होतो. म्हणून तो बनविणें, इष्ट द्रव्याच्या रेणूंत गुंफणें आणि माणसाच्या शिरेंतून टोंचणें, हें सर्व मोठ्या घाईनें उरकावें लागतें. त्यांतून पॉझिट्रॉन नांवाचे कण निघतात. असा कण जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला, कीं दोघेही लय पावतात, व दोन किरण नेमके विरुद्ध दिशांनीं बाहेर पडतात. डोक्याभोंवतीं बसविलेलें यंत्राचें कडें हे किरण टिपतें. ते कोठून निघाले हें गणितानें काढून मेंदूचें चित्र तयार होतें. या पद्धतीला थोडक्यांत ‘पेट’ असें म्हणतात. २५ मे १९८३ रोजीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेंत हेन्री वॅग्नर यांनीं या रीतीनें मानवी मेंदूंतील डोपामीन-ग्राहींचें चित्र घेतलें. तो मेंदू त्यांचा स्वतःचाच होता.

आतां वेडाचें कारणच डोळ्यांनीं दिसेल, अशी मोठी आशा उत्पन्न झाली. १९८६ सालीं बाल्टिमोरच्या संशोधकांनीं जाहीर केलें, कीं पूर्वीं औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत हे ग्राही वाढलेले असतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंतील लार्स फार्डे व त्यांचे सहकारी यांनीं रॅक्लोप्राइड हें वेगळें द्रव्य वापरून तेंच पाहिलें, तर त्यांना वाढ आढळली नाहीं. पुढें अनेक ठिकाणच्या मोजण्या एकत्र केल्या, तेव्हां सरासरींत निघालेला फरक अगदीं अल्प होता. त्यावरून एखाद्या माणसास रोगी ठरवावें, असें त्यांत कांहीं नव्हतें.

श्रोतेहो, चित्राचा खरा उपयोग दुसरीकडेच होता, आणि तो फार्डे यांनीं साधला. कार्बन-११ गुंफलेलें रॅक्लोप्राइड मोकळ्या जागांवर जाऊन बसतें व चित्रांत तें ठिकाण उजळतें. रोगी औषध घेत असेल, तर जागा आधींच अडलेल्या असतात आणि उजेड मंदावतो. किती मंदावला, यावरून शेंकडा किती जागा अडल्या, हें सांगतां येतें. १९८८ सालीं त्यांनीं दाखविलें, कीं निरनिराळ्या नांवांचीं औषधें नेहमींच्या मात्रेंत दिलीं असतां तीं शेंकडा ६५ ते ८५ जागा अडवितात. ज्या रोग्यांचें अंग ताठे, त्यांच्यांत हा आंकडा इतरांपेक्षां अधिक असे, हें १९९२ सालच्या त्यांच्या निबंधांत स्पष्ट झालें.

यापुढचें पाऊल टोरोंटोस पडलें. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत वैद्यक शिकलेले शितिज कपूर तेथें काम करीत होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथमच आजारी पडलेल्या २२ रोग्यांना हॅलोपेरिडॉल दिवसाला अवघें १ किंवा २.५ मिलिग्रॅम देऊन चित्रें घेतलीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: शेंकडा ६५ जागा अडल्या, कीं गुण येण्याचा संभव बराच वाढतो; ७२ ओलांडल्यावर प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव वाढण्याचा, आणि ७८ ओलांडल्यावर अंग ताठण्याचा संभव वाढतो. गुण आणि उपद्रव यांच्यामधील वाट इतकी अरुंद आहे, आणि ती अडीच मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेंतही गांठतां येते! डबा भरत आला असतां आणखी रुमाल टाकून काय होणार? पूर्वींच्या रोग्यांनीं जो ताठरपणा वर्षानुवर्षें सोसला, त्यांतील पुष्कळसा निष्कारण होता, असेंच या आंकड्यांवरून म्हणावें लागतें.

हें माप हातीं आलें, तरी सारें कोडें सुटलें नाहीं. पुरेशा जागा अडूनही कांहीं रोगी सुधारत नाहींत. अशांपैकीं कित्येकांना क्लोझापीन हें औषध उपयोगी पडतें, हें १९८८ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. आणि फार्डे यांनीं मोजलें तेव्हां हेंच औषध शेंकडा ३८ ते ६३ इतक्याच जागा अडवितांना आढळलें. म्हणजे डोपामीनपलीकडेही कांहीं आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंत झॅनोमेलीन व ट्रॉस्पियम यांच्या जोडीला मान्यता मिळाली. त्यांतील झॅनोमेलीन डोपामीनच्या जागा न अडवितां अॅसिटिलकोलीन या वेगळ्या दूताच्या ग्राहींवर काम करतें. आणि रोगी कोण, हें अजूनही चित्र सांगत नाहीं. तें वैद्यानें रोग्याजवळ बसून, त्याचें बोलणें ऐकूनच ठरवावें लागतें.

आपल्या घरांतील किंवा नात्यांतील कोणी हीं औषधें घेत असेल, तर या इतिहासापासून घेण्यासारखा बोध अगदीं साधा आहे. हात कांपूं लागले, चालणें जड झालें, तर ‘औषध लागू पडत आहे’ म्हणून स्वस्थ बसूं नये. तें वैद्यास आवर्जून सांगावें. आणि मात्रा कमी करावयाची ती वैद्याच्या सल्ल्यानेंच करावी, आपल्या मनानें औषध बंद करूं नये. कारण त्या अरुंद वाटेला दोन्ही बाजूंनीं कडा आहेत.