विद्यार्थी-मंडळे आणि मराठीचा सार्वजनिक व्यवहार : नागपूरच्या संदर्भात एक विचार

विद्यापीठांचा इतिहास लिहिताना आपले लक्ष स्वाभाविकपणेच कायदे, इमारती, कुलगुरू आणि परीक्षा यांच्याकडे जाते. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या मंडळांना ह्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही. वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांवर, क्रीडास्पर्धांच्या निकालांशेजारी, त्यांचा एखाद्या वाक्यात उल्लेख होतो आणि विषय संपतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, महाराष्ट्रापुरते तरी हे प्रमाण उलटे करून पाहण्यास सबळ कारण आहे. इंग्रजी वर्गात मिळालेले ज्ञान मराठीत आणण्याचे काम आरंभीच्या काळात ज्या ठिकाणी झाले, त्यांत विद्यार्थ्यांच्या सभेचे स्थान फार वरचे होते. म्हणून मंडळाचा इतिहास हा शिक्षणाच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही भाग आहे.

विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वादविवाद करण्याची प्रथा नवी नव्हती. इंग्लंडात केंब्रिज येथील युनियन १८१५ साली व ऑक्सफर्ड येथील युनियन १८२३ साली सुरू झाली. कलकत्त्यास हिंदू कॉलेजातील तरुण शिक्षक डिरोझिओ यांच्या प्रेरणेने १८२८ साली ॲकॅडेमिक असोसिएशन स्थापन झाली; तेथील वाद इंग्रजीत चालत. मुंबईत एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ निघाली, तेव्हा तिच्यासमोर हे नमुने होतेच. तिचे वेगळेपण दुसऱ्या एका गोष्टीत आहे. त्याच वर्षी तिने देशी भाषांतून काम करणाऱ्या शाखा काढल्या. मराठी शाखा ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ ह्या नावाने ओळखली गेली आणि तिचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. दादोबा हे १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ ह्या ग्रंथाचे कर्ते. भाषेचे नियम सांगणारा विद्वान आणि ती भाषा नव्या विषयांसाठी वापरू पाहणारे तरुण एका खोलीत बसत होते, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नजरेआड करू नये.

ह्या सभेच्या कार्यपद्धतीचे दोन विशेष आहेत. पहिला विशेष निबंधवाचनाचा. सभासदाने विषय घ्यावा, त्यावर लिहावे, ते सर्वांसमोर वाचावे आणि त्यावरील आक्षेपांस उत्तर द्यावे, अशी ही रीत. वर्गात विद्यार्थी ऐकणारा असे. सभेत त्याला सांगणारा व्हावे लागे, आणि मराठी शाखेत तर आपण इंग्रजीतून शिकलेले इंग्रजी न येणाऱ्या माणसास समजेल असे सांगावे लागे. ह्या खटपटीतून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० साली निघाले व १८६७ पर्यंत चालले. पदार्थविज्ञान, इतिहास, समाजरीती असे विषय मराठी गद्यात मांडण्याचा जो सराव ह्या काळात झाला, त्याचा उगम पाठ्यपुस्तकांइतकाच ह्या सभेच्या बैठकांत शोधावा लागेल.

दुसरा विशेष कृतीचा. १८४९ साली एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. केवळ निबंध वाचून न थांबता काही करून दाखवा, असे आवाहन पॅटन यांनी केले आणि सभासदांनी ते मनावर घेतले. दादाभाई नवरोजी व त्यांचे सहकारी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करू लागले. स्वतःच्या कामाच्या वेळेआधी, सकाळी, विनावेतन शिकवू लागले. ४४ पारशी व २४ हिंदू मुलींनिशी ह्या शाळांचा आरंभ झाला. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात जागा देऊन ह्या कार्यास आधार दिला. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ सालीच मुलींची शाळा सुरू केली होती, आणि तिला सोसावा लागलेला विरोध अधिक तीव्र होता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मुंबईच्या प्रयत्नाचे महत्त्व इतकेच की, तेथे विद्यार्थ्यांच्या चर्चेचे रूपांतर एका टिकाऊ संस्थेत झाले.

आता ह्या व्यवहाराच्या शब्दसंपत्तीकडे वळू. मंडळ चालवावयाचे म्हणजे त्यासाठी शब्द हवेत, आणि मराठीने ते तीन ठिकाणांहून घेतले. काही शब्द राज्यकारभारातून आले. ‘चिटणीस’ हा मुळात चिठ्ठी लिहिणारा दरबारी अधिकारी. ‘चिठ्ठी’ ह्या देशी शब्दास फारसी ‘नवीस’ जोडून तो बनला. राज्य गेले तरी शब्द उरला आणि महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाचे पत्रव्यवहार पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलास लागू झाला. ‘सभासद’ ह्या शब्दाचीही तीच कथा. शिवचरित्राची बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंताचे जे दरबारी उपपद, ते पुढे वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाचे झाले. काही शब्द रोजच्या बोलीतून आले : ‘ठरणे’पासून ‘ठराव’, आणि गावाच्या उत्सवासाठी गोळा केली जाते ती ‘वर्गणी’. काही शब्द संस्कृतच्या आधारे इंग्रजी पद्धतीसाठी योजले गेले : ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘इतिवृत्त’, ‘कार्यवाह’. ‘जिमखाना’ हा संकर शब्द तर खेळापुरता न राहता शुल्काच्या पावतीवर जाऊन बसला. निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापावे आणि तोंडाने ‘गॅदरिंग’ म्हणावे, हा दुहेरी व्यवहार आजही आपल्या परिचयाचा आहे. चिटणीस, सभासद ह्या शब्दांच्या अर्थान्तरात मात्र एक सामाजिक स्थित्यंतर दडलेले आहे. जे शब्द पूर्वी राजाने दिलेला अधिकार दाखवीत, ते आता बरोबरीच्या लोकांनी एकमेकांस दिलेली जबाबदारी दाखवू लागले.

नागपुरास हा व्यवहार काहीशा निराळ्या परिस्थितीत उभा राहिला. येथे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली व मॉरिस महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले. परंतु विद्यापीठ मात्र १९२३ पर्यंत नव्हते. मॉरिसच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा आधी कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या. म्हणजे शिक्षणाची भाषा इंग्रजी, परीक्षा घेणारे विद्यापीठ शेकडो मैल दूर आणि प्रांत मराठी व हिंदी अशा दोन भाषांचा. येथील विद्यार्थ्याने सभा भरवावयाची म्हटले की पहिला प्रश्न भाषेचाच निघे. एकाच महाविद्यालयात मराठी वाङ्मय मंडळ व हिंदी साहित्य परिषद ही शेजारी-शेजारी नांदताना आपण पाहतो, तिचे मूळ ह्या प्रांतरचनेत आहे.

१९२३ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत विदर्भ साहित्य संघाची स्थापना अमरावतीस झाली, आणि ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ अस्तित्वात आले. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. साहित्य संघ पुढे नागपुरास स्थिरावला. विद्यापीठ इंग्रजीतून शिकवीत असता मराठीत लिहिण्या-बोलण्याची हौस पुरी करावयास त्याच्या भिंतींबाहेर एक घर असणे, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठीच सोय होती. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मराठी व हिंदी यांना शिक्षणाचे माध्यम करण्यात नागपूर विद्यापीठ अग्रभागी राहिले. त्याच काळात डॉ. रघुवीर यांचे संस्कृतनिष्ठ परिभाषेचे प्रचंड काम नागपुरातूनच चालले होते. त्या परिभाषेतील कित्येक शब्द कोशातच राहिले, तर ‘ठराव’ आणि ‘चिटणीस’ यांच्यासारखे शब्द कोणत्याही समितीच्या शिफारशीवाचून रूढ झाले. शब्द टिकण्यास तो शुद्ध असणे पुरेसे नसते; त्याला नित्य वापरणारी एखादी बैठक लागते.

सभेतील चर्चा केवळ वाङ्मयापुरती राहिली नाही, ह्याची साक्षही ह्याच शहरात मिळते. डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन नागपुरास भरले, त्याच वेळी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परिषदही येथे भरली. असहकारितेच्या ठरावात सोळा वर्षांखालील मुलांविषयी आवाहन पालकांना होते. त्याहून मोठ्या विद्यार्थ्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीने स्वतःच निर्णय घ्यावयाचा होता. वक्तृत्वस्पर्धेत ‘बाजू’ मांडणाऱ्या तरुणास आता खरोखरीच बाजू घ्यावी लागणार होती. शिक्षण सोडावे की न सोडावे ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने निराळे दिले असेल. तथापि आपले मत सर्वांसमोर मांडून त्याची जबाबदारी घेण्याची सवय ज्यास होती, त्याला तो निर्णय अधिक डोळसपणे घेता आला असेल, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवरच्या विवेचनात एक उणीव राहते, ती अशी की मंडळाच्या ‘सर्वांत’ कोण होते? एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थी-सभांचे सभासद बहुतांशी वरच्या जातींतील व सुस्थित घरांतील तरुण होते. हे वर्तुळ मोडण्याचे एक ठळक उदाहरण औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) घडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेथे काढलेल्या व पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीतील मुले मोठ्या संख्येने आली. प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली ह्याच महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. अस्पृश्यतेचा युगानुयुगांचा प्रवास दाखविणारे हे नाटक पुढे ऑक्टोबर १९५६ मध्ये धर्मांतराच्या सोहळ्याच्या वेळी नागपुरास जनसमुदायापुढे सादर झाले. स्नेहसंमेलनाचे नाटक एका समाजाच्या इतिहासाच्या क्षणी उभे राहावे, ह्याहून मंडळाच्या सामर्थ्याचा अधिक बोलका पुरावा कोणता द्यावा? पुढे १९६७-६८ साली मूळच्या नागपूरच्या गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून ‘अस्मितादर्श’ नियतकालिकास आकार दिला. त्या लेखनचळवळीची पूर्वतयारी महाविद्यालयीन परिसरातील अशा उपक्रमांत झाली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात मंडळांना शासकीय व वैधानिक आधार मिळत गेला. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी-परिषदेवरील नेमणूक परीक्षेतील गुणवत्तेशी जोडली. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. निवडणुकांतील हाणामाऱ्यांना आळा घालण्याचा १९९४ च्या बदलामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु ज्यास सर्वाधिक गुण तो प्रतिनिधी, असे ठरले म्हणजे प्रतिनिधीस मत मागावे लागत नाही आणि मत देणाऱ्यासही विचार करावा लागत नाही.

भाषेच्या अभ्यासकास हा पालट व्याकरणातही दिसतो. आजच्या महाविद्यालयीन अहवालांतील ठराविक वाक्यरचना पाहावी : ‘मंडळातर्फे कार्यक्रम घेण्यात आला’, ‘स्पर्धेचे आयोजन करण्यात आले’, ‘विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने सहभाग नोंदविला’. पहिल्या दोन वाक्यांत कर्ता नाही. तिसऱ्यात कर्ता आहे, पण त्याच्या वाट्यास आलेले क्रियापद केवळ नोंदविण्याचे आहे. इतिवृत्तलेखनाची जुनी रीत ह्याच्या उलट. तेथे सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव, विरोध करणाऱ्याचे नाव आणि ठरावाचा निकाल लिहावाच लागे. कर्मणी प्रयोग वाईट असतो असे नव्हे. परंतु ज्या संस्थेच्या कागदांतून कर्ता नाहीसा होतो, त्या संस्थेत तो प्रत्यक्षातही क्षीण झाला असण्याचा संभव असतो.

हा प्रश्न विदर्भातील संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत अधिक निकडीचा आहे. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेल्या महाविद्यालयापासून ‘सामुदायिक महाविद्यालयां’ची परंपरा मानली जाते. तेथील बहुसंख्य विद्यार्थी घरी राहून, पुष्कळदा नोकरी सांभाळून शिकतात. आपल्याकडील तालुक्याच्या गावचे महाविद्यालय पुष्कळ अंशी ह्याच जातीचे आहे. विद्यार्थी सकाळच्या एस.टी.ने येतो, तास संपताच परतीची गाडी गाठतो. त्याचे पालक कधी महाविद्यालयात गेलेले नसतात. सभेत उभे राहून बोलणे, हिशेब ठेवणे, पाहुण्यास पत्र लिहिणे, मतभेद असूनही एकत्र काम करणे, ह्या गोष्टी सुस्थित घरातील मुलास इतरत्रही शिकता येतील; ह्या मुलास त्या मंडळातच शिकाव्या लागतात. त्याच्यासाठी मंडळ ही चैन नव्हे. मंडळाची बैठक शेवटच्या गाडीनंतर ठेवली, तर नियमावलीत काहीही लिहिलेले असो, तो सभासद होऊ शकत नाही.

ह्यातून विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन कामे सुचतात. पहिले संशोधनाचे. जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत पडून असलेली इतिवृत्ते, हस्तलिखित नियतकालिके, वार्षिकांक आणि हिशेबाच्या वह्या ही सार्वजनिक मराठीची अस्सल साधने आहेत. कोणते शब्द केव्हा आले, इंग्रजी इतिवृत्त मराठीत केव्हा बदलले, मुलींची नावे सूचक-अनुमोदकांत प्रथम केव्हा दिसू लागतात, हे त्यांतून वर्षावर्षाने दाखविता येईल. कागद जीर्ण होत आहेत आणि जागेच्या अडचणीत रद्दीचा मार्ग जवळचा असतो; म्हणून ह्या कामास विलंब परवडणारा नाही. दुसरे काम स्वतः सभासद होण्याचे. निबंध लिहावा, तो वाचावा, आक्षेप घ्यावा आणि झालेल्या चर्चेचे इतिवृत्त कर्त्यांच्या नावांसह लिहून ठेवावे. १८४८ च्या तरुणांजवळ ह्याहून अधिक साधने नव्हती.