उंदीर पडला की माळावर

आमच्या घरात प्लेग कुणी पाहिलेला नाही, पण ऐकलेला सगळ्यांनी आहे. आजीला तो तिच्या सासूबाईंनी सांगितला, आजीनं आम्हाला. आढ्यावरून उंदीर पडला, गरगर फिरून मेला, की चूल विझवायची, गाडी जुंपायची आणि माळ गाठायचा. मागं घराची कौलं उतरवायची. ऊन थेट माजघरात पोचलं पाहिजे. माळावर कडब्याच्या झोपड्या पडत आणि अख्खी गल्ली तिथंच नांदे. अशाच एका झोपडीत आमच्या घराण्यातलं एक बाळंतपण झालं. सुईण आली ती आधी बाहेर अंगावर पाणी घेऊन, लुगडं बदलून, आणि मगच आत शिरली. आजी हे सांगताना सुईणीचं काम राहू द्यायची, पण तिची अंघोळ कधी गाळायची नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप ओळखला. कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी व्यापारासाठी शाहूपुरी वसवली होती. पोती जिथं जातात तिथं उंदीर जातात. पुण्यात घरझडत्यांनी लोक संतापले आणि २२ जून १८९७ ला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इथं कोल्हापुरात ऐन तारुण्यातल्या महाराजांनी वस्त्या गावाबाहेर हलवण्यावर आणि बाहेरून येणाऱ्यांना अलग ठेवण्यावर भर दिला. पिसवांमुळे हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. लोकांना पिसवांचा यातला हात ठाऊक नव्हता, तरी मेलेला उंदीर दिसताच घर सोडणं हाच नेमका उपाय होता. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मात्र माळावरही गाठायची. त्या साथीबद्दल आजी फारसं बोलत नसे.

मी दातांचा डॉक्टर. मार्च २०२० अखेर कोविडच्या टाळेबंदीत दवाखान्याचं शटर खाली आलं आणि फोन सुरू झाले. ‘‘डॉक्टर, दाढ लई ठणकतीया, डोळ्याला डोळा न्हाई.’’ फोनवरच ठरवायचं, कुणाला गोळ्यांवर थांबवायचं आणि कुणाला बोलवायचं. सूज गळ्याकडं उतरतेय का? थुंकी गिळता येते का? तोंडात उभी दोन बोटं तरी जातात का? यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं, तर थांबण्यात जिवाला धोका. रूट कॅनाल थांबू शकत होतं, गळ्याकडं सरकणारा पू थांबणार नव्हता.

आमचं हत्यारच कोविडला फावणारं. एअररोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, त्यावर पाण्याचा फवारा, आणि रोग्याच्या लाळेचे बारीक तुषार खोलीभर तरंगत राहतात. मे २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याच्या सूचना आल्या, त्यातही हवा खेळती ठेवण्यावर जोर होता. माझी खोली एसीची, काचबंद. वडील बघायला आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘‘कौलं उतरव की.’’ त्याच आठवड्यात गवंडी बोलावून मागची भिंत फोडली, खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. एक रोगी गेला की खोली रिकामी ठेवायची, पुसून घ्यायची, मग दुसरा. कमाई निम्म्याच्या खाली आली, खुर्चीच्या कर्जाचा हप्ता होता तेवढाच राहिला. तरीही तो रिकामा वेळ हा उपचाराचाच भाग आहे, असं मी आजही मानतो. कोल्हापुरात राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत व्यापारी संकुलांत दवाखाने निघतात, तिथं मागं खिडकी आहे का हे परवाना देतानाच बघायला हवं.

पुसायचं काम दवाखान्यातल्या मावशींचं. थुंकीचं भांडं, सक्शनची नळी, हायपोक्लोराइटची बादली, सगळं त्यांच्या हातांत. बस बंद असताना त्या चालत यायच्या आणि घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेरच अंघोळ करायच्या. कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्रानं ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं होतं, पण सरकारनं कामासाठी ताब्यात न घेतलेल्या खासगी दवाखान्यातली माणसं त्यात बसत नव्हती. पुढची साथ येण्याआधी ती यादी वाढली पाहिजे, आणि तिची सुरुवात मावशींपासून झाली पाहिजे.