सुकळवाडचे दादासाहेब तोरणे आणि आपला पडदा

आपल्या भागातील होतकरू मंडळींनी स्वतःच्या पैशाने व हिमतीने काढलेले लहानमोठे चित्रपट वाडीवाडीतून दाखवावेत, अशी कल्पना आपल्या मंडळात निघाली आहे. ती ऐकून एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “शिनेमाचो नि आमच्या गावाचो संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र मुंबईच्याही आधी मालवण तालुक्यातच जावे लागते.

रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा जन्म १३ एप्रिल १८९० रोजी सुकळवाड येथे झाला. आपला जिल्हा तेव्हा निराळा नव्हता. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला तो १ मे १९८१ रोजी. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आपल्याकडील हजारो मुलांप्रमाणे या मुलालाही पोटासाठी मुंबई गाठावी लागली. तेथे नोकरी सांभाळून त्याला नाटकाचा नाद लागला. यात नवल ते काय? ज्या मुलखात खानोलकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा दशावतारी मंडळ्या देवळापुढे रात्र रात्र जागवीत आल्या, तेथल्या मुलास रंगभूमीचे वेड लागावयाचेच.

मुंबईत त्या काळी विलायती मूकचित्रे येत. तोरण्यांच्या मनात आले, आपलेही नाटक असे पडद्यावर का दिसू नये? नानासाहेब चित्रे यांच्यासारखे सोबती मिळाले, नाटकमंडळीतील नट तयार झाले, आणि ‘श्री पुंडलीक’ या नाटकाचे चित्रण मंगळदास वाडीत झाले. कॅमेरा चालविणारा जॉन्सन नावाचा इंग्रज होता. प्रथम कॅमेरा एका जागी ठेवून चित्र घेतले, ते तोरण्यांच्या मनास आले नाही, म्हणून पुन्हा तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडले, असे सांगतात. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लागला. जेमतेम बावीस मिनिटांचा हा खेळ दोन आठवडे चालला. मुंबईतील निम्म्या हिंदू लोकांनी तो पाहिला आहे, उरलेल्या निम्म्यांनीही आता यावे, अशा थाटाची जाहिरात त्या वेळी वृत्तपत्रात आली होती. जाहिरातवाले कधी कमी बोलतात!

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात लागला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे वर्षभराने. मग पहिला मान कोणाचा? ‘पुंडलीक’ हे नाटकाचेच चित्रण, कॅमेरा परक्याच्या हाती, फिल्म परदेशी धुतलेली, म्हणून तो फाळक्यांनाच देतात. मला या वादात फारसा रस नाही. फाळक्यांचे काम मोठे ते मोठेच. पण सुकळवाडच्या एका नोकरदार तरुणाने, पाठीशी कोणी धनिक कंपनी नसता, चार मित्रांच्या जोरावर हे धाडस केले, हे आपल्या मुलांना ठाऊक असू नये याचे मात्र वाईट वाटते.

फाळक्यांचे नाव निघाले तर त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे नाव आपण स्त्रियांनी घेतलेच पाहिजे. तो चित्रपट दादरच्या राहत्या घरी घडला. साठेक माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, आणि तो आटोपल्यावर रात्री कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामेही त्याच करीत. दागिने तर आधीच गहाण पडले होते. तारामतीची भूमिका करण्यास बाई मिळेना. सरस्वतीबाईंना विचारले, तर ‘बाकीची कामे मग कोण करणार’ या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाने तारामती केली. आपल्या दशावतारातही स्त्रीपार्ट पुरुषच करीत आले आहेत, तेव्हा आपल्याला त्याचे काय कौतुक! त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या.

तोरण्यांनी पुढे यंत्रसामग्रीच्या व्यवसायात जम बसविला. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला, त्यासाठी आर्देशीर इराणी यांना ध्वनियंत्रणा मिळवून देण्यात त्यांचा हात होता. नंतर पुण्यात त्यांनी ‘सरस्वती सिनेटोन’ काढली. तिच्या ‘श्यामसुंदर’ या १९३२ सालच्या चित्रपटातून शाहू मोडक आणि शांता आपटे ही मुले प्रथम पडद्यावर आली. १९ जानेवारी १९६० रोजी पुण्यात तोरणे वारले.

आणि ‘श्री पुंडलीक’? त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चा निदान काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पाहावयास मिळतो, हे संग्रहालयही १९६४ साली निघाले. तोवर मूकचित्रे जळून, कुजून किंवा चांदीसाठी वितळवून गेली होती. सुकळवाडच्या मुलाचे चित्र सुकळवाडने कधी पाहिलेच नाही, आणि आता पाहू म्हटले तरी ते शक्य नाही.

आजच्या चित्रांचेही असेच होईल काय, ही खरी चिंता आहे. सुमित्रा भावे यांचे उदाहरण घ्या. त्या पुण्याच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतील स्त्रियांचा अभ्यास केल्यावर त्यांना वाटले, हा अहवाल ज्या बायकांविषयी आहे त्यांना तो वाचता येणार नाही, मग त्याचा त्यांना उपयोग काय? त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा छोटा चित्रपट झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला मोठी गोष्ट वाटते ती ही की, तो वस्त्यांतून बायकांपुढे दाखविला गेला. पडद्यावरच्या बाईचे चुकते कोठे आणि बरोबर कोठे, हे सांगण्याचा अधिकार त्या बायकांइतका आणखी कोणाला असणार! पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ असे चित्रपट केले. कोकणच्या किनाऱ्यावरील कासवांच्या पार्श्वभूमीवरचा ‘कासव’ २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपट ठरला आणि त्याला सुवर्णकमळ मिळाले. वायंगणीच्या वाळूत कासवांची घरटी राखणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून तो पाहण्यात वेगळीच गोडी आहे. परंतु चित्रगृहात असे चित्रपट आठवडाभर टिकले तर नशीब, आणि आपल्याकडे चित्रगृहे तरी किती?

मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून सभासदांना चांगले चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवीत आले आहे. कलकत्त्यात सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनी १९४७ सालीच अशी संस्था काढली होती. आपल्याला तेवढे मोठे काही करावयाचे नाही. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की, जत्रांच्या तारखा टाळून, महिन्यातून एक शनिवार धरावा. शाळेचे पटांगण, एक पडदा, एक प्रक्षेपक, वृद्धांसाठी खुर्च्या, बाकीच्यांना सतरंज्या. चित्रपट ज्याचा असेल त्याची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि मानधनाचे पाकीट, लहान का असेना, त्याच्या हाती द्यावे. मुलाने फुकट दाखविले म्हणून त्याचे कौतुक करण्याची आपली खोड बरी नव्हे. त्याला समोर बसवावे. त्याच्या चित्रातली आजी मालवणी चुकीची बोलत असेल, तर ते आपल्या आजीने त्याला तेथेच सांगावे. आणि प्रत्येक चित्रपटाची एक प्रत मागून घेऊन मंडळाच्या कपाटात, नाव व साल घालून, ठेवावी. कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, हे पुढच्या सभेत ठरवू.