क्विक क्ले भूस्खलने आणि संहत कण-निलंबनांच्या स्थैर्याचा विचार : नॉर्वेच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
घन पदार्थाचे सूक्ष्म कण द्रवात विखुरलेले असतात, त्या मिश्रणास निलंबन असे म्हणतात. कणांचे प्रमाण अल्प असल्यास निलंबन पाण्यासारखे वाहते. प्रमाण वाढल्यावर मात्र तेच मिश्रण कधी घनाप्रमाणे उभे राहते, तर कधी द्रवाप्रमाणे वाहू लागते. रंग वा सिमेंटच्या उद्योगात हा तांत्रिक प्रश्न आहे. नॉर्वेमध्ये तो मानवी जीविताचा प्रश्न ठरला. १८९३ ते २०२१ या काळात त्याचे ज्ञान कसे विकसित झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वेर्दालची दुर्घटना :
१९ मे १८९३ च्या रात्री मध्य नॉर्वेतील वेर्दाल खोऱ्यात सुमारे ५.५ कोटी घनमीटर माती वाहून गेली व ११६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. शेते आणि घरे पेलणारी चिकणमाती पाहता पाहता द्रवरूप झाली होती. अशा मातीस 'क्विक क्ले' म्हणतात. 'क्विक' या शब्दाचा 'सजीव' हा जुना अर्थ येथे अभिप्रेत आहे.

कारणमीमांसेचा विकास :
मातीतील पाण्याचे प्रमाण आणि तिची प्रवाहिता यांचा संबंध स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये द्रवसीमेच्या संकल्पनेद्वारे मांडला. स्वीडिश रेल्वेच्या भूतांत्रिकी आयोगाने १९१४ ते १९२२ या काळात लोहमार्गांवरील भूस्खलनांचा पद्धतशीर अभ्यास केला. तथापि, माती एकाएकी प्रवाही का होते, हे केवळ पाण्याच्या प्रमाणावरून उलगडत नव्हते.

याचे उत्तर कणांमधील बलांत होते. देर्यागिन व लांदाऊ यांनी १९४१ मध्ये आणि फेरवे व ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये असे दाखविले की, विद्युतभारित कणांमधील अपकर्षण द्रवातील क्षारांमुळे क्षीण होते व कण परस्परांना चिकटतात. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ इव्हान रोसेनक्विस्ट यांनी १९५३ मधील आपल्या लेखात क्विक क्लेच्या संवेदनशीलतेची मीमांसा केली. हिमयुगाच्या अखेरीस ही माती समुद्रात साचली. खाऱ्या पाण्यामुळे तिचे चपटे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे सैल रचले गेले व त्या पोकळ्यांत भरपूर पाणी राहिले. बर्फाचा भार हटल्यावर भूभाग उंचावला आणि गोड्या भूजलाने हजारो वर्षांत मीठ धुऊन नेले. रचना उभी राहिली, परंतु तिला सांधणारे बल नाहीसे झाले. धक्का बसून ती मोडली की कण पुन्हा जुळत नाहीत. मातीतील पाणीच तिला वाहून नेण्यास पुरेसे ठरते. नॉर्वेमधील व्याख्येनुसार ढवळल्यानंतर अशा मातीची कर्तनशक्ती ०.५ किलोपास्कलपेक्षा कमी असते. द्रवरूप झालेल्या या मातीत मीठ मिसळल्यास ती पुन्हा घट्ट होते, हा प्रयोग वरील मीमांसेस पुष्टी देतो.

ज्ञान आणि दक्षता :
२९ एप्रिल १९७८ रोजी रिस्सा येथे गोठ्याच्या विस्तारासाठी खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याच्या काठी टाकण्यात आली. एवढ्या अल्प भारामुळे सुरू झालेल्या स्खलनात ५० ते ६० लक्ष घनमीटर माती वाहून गेली व एका व्यक्तीचा मृत्यू झाला. ही घटना चित्रफितीवर नोंदली गेली. तिच्यानंतर नॉर्वेमध्ये क्विक क्लेच्या धोकाक्षेत्रांचे राष्ट्रीय पातळीवरील नकाशांकन हाती घेण्यात आले.

तरीही ३० डिसेंबर २०२० रोजी येर्द्रुम येथील आस्क या गावी झालेल्या भूस्खलनात दहा व्यक्तींचा बळी गेला. २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने गावाजवळील एका लहान ओढ्यामुळे झालेली धूप हे त्याचे कारण असल्याचे नमूद केले. कारण नवे नव्हते. ओढ्याने उताराचा पायथा कोरणे ही परिचित प्रक्रिया होती.

निष्कर्ष :
क्विक क्लेचे स्थैर्य तिच्या दिसणाऱ्या घट्टपणावर नव्हे, तर कणांमधील अदृश्य बलांवर अवलंबून असते, हे समजण्यास वेर्दालनंतर साठ वर्षे लागली. परंतु स्थैर्याचे शास्त्र अवगत होणे आणि स्थैर्य राखणे या दोन भिन्न बाबी आहेत. मीठ गेलेली माती शतकानुशतके स्थिर राहू शकते. तिचा तोल सांभाळण्यासाठी नकाशाइतकेच लहानशा ओढ्याकडेही अखंड लक्ष द्यावे लागते, हेच या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट होते.