३८ सामने, ६६ गोल : जिम स्मिथची विस्मृत कारकीर्द

१/ १९२७-२८ चा फुटबॉल हंगाम म्हटला की आठवतो तो इंग्लंडमधील एव्हर्टनचा डिक्सी डीन. प्रथम श्रेणीच्या ३९ सामन्यांत त्याने ६० गोल केले. त्याच हंगामात शेजारच्या स्कॉटलंडमध्ये जिम स्मिथ नावाच्या आघाडीवीराने ३८ लीग सामन्यांत ६६ गोल केले. मग डीन स्मरणात राहिला आणि स्मिथ विस्मृतीत का गेला? #थ्रेड

२/ स्मिथ एअर युनायटेडचा खेळाडू. एअर हे स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे बंदर. कवी रॉबर्ट बर्न्स जवळच्याच ॲलोवेचा. संघ तेव्हा द्वितीय श्रेणीत होता. त्या वर्षी त्याने ११७ गोल करून श्रेणीचे विजेतेपद पटकावले. त्यांतील निम्म्याहून अधिक गोल एकट्या स्मिथचे!

३/ परंतु आकडा समजण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागते. तोवर ऑफसाइडच्या नियमानुसार, चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. बचावपटूंपैकी एकाने पुढे सरकायचे आणि आघाडीवीराला सापळ्यात पकडायचे. दुसरा मागे राखणीला असायचाच.

४/ १९२५ मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनच्याच प्रस्तावावरून तीनऐवजी दोन खेळाडू पुरेसे ठरले. आता सापळा फसला, तर समोर उरे केवळ गोलरक्षक. इंग्लिश लीगमधील गोलांची संख्या एका हंगामात ४,७०० वरून ६,३७३ वर गेली. सामने मात्र तेवढेच होते.

५/ म्हणजे स्मिथचा पराक्रम केवळ नियमाची देणगी होती का? नाही. तोच नियम डीनला लागू होता, आणि द्वितीय श्रेणीतील इतर प्रत्येक आघाडीवीरालाही. नियमाने दार उघडले. त्यातून ६६ वेळा आत शिरणारा मात्र एकच निघाला.

६/ तरीही श्रेणीची भिंत उंच होती. ३१ मार्च १९२८ रोजी स्कॉटलंडने वेम्बलीवर इंग्लंडचा ५-१ असा धुव्वा उडवला. त्या दिवशी मध्यवर्ती आघाडीवीर होता न्यूकॅसलचा ह्यूई गॅलकर, आदल्या वर्षी आपल्या संघाला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देणारा. त्याच्यापुढे द्वितीय श्रेणीतल्या गोलांचे वजन ते किती?

७/ हे गोल खरोखरच हलके होते का, याची कसोटी पुढे लागली. १९२९ मध्ये स्मिथ लिव्हरपूलकडे गेला. इंग्लंडच्या प्रथम श्रेणीतील पहिल्याच हंगामात त्याने २३ गोल केले आणि तो संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. ६६ चा आकडा तेथे गाठता आला नाही, हे खरे. पण दुबळ्या बचावावर मोठा झालेला खेळाडू ही शंका त्याने खोडून काढली.

८/ डीनचे ६० गोल विजेत्या एव्हर्टनच्या, मोठ्या शहराच्या आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या कथेचा भाग झाले. स्मिथच्या गोलांना अशी कथा लाभली नाही. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या लीगमधील एका हंगामाचा सर्वोच्च आकडा आजही त्याचाच आहे. आकडा नोंदवहीत जपला जातो. नाव मात्र कोणीतरी सांगत राहावे लागते. म्हणून हा थ्रेड.